निकोलायरावांचं पाखरू

सोपानराव कोकरे रोज सकाळी उलटी बदकं मोजायचे.

उलटी म्हणजे अगदी शब्दशः उलटी. पाय वर, पाठ खाली. आभाळ तळाशी आणि उजनी धरणाचं पाणी डोक्यावर. याला कारण त्यांचं यंत्र. सरकारी खात्यात जमिनीचा चढउतार मोजायला तीन पायांवर उभी करायची एक पितळी नळी असायची, तिला सगळे ‘डंपी’ म्हणत. त्या जुन्या डंपीतून लांबचं अगदी नाकासमोर दिसतं, पण उलटं दिसतं. मोजणीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. खात्यानं ती भंगारात काढली तेव्हा सोपानरावांनी लिलावात घेतली आणि निवृत्त झाल्यावर तिच्यातून बदकं बघायला लागले.

मी पहिल्यांदा तिला डोळा लावला तेव्हा मला घेरीच आली. शे-दोनशे बदकं छताला चिकटवल्यासारखी लटकत होती.

“आबा, हे सगळं उलटं आहे.”

“असूंद्या की. उलटं दिसलं म्हणून त्यातलं एक कमी होतंय व्हय?”

पुढे एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं आपली चांगली दुर्बीण त्यांच्या हातात दिली. सोपानरावांनी बराच वेळ बघितलं आणि ती परत केली. “झकास हाय. पण ह्यातली पाखरं मला वळखू येत न्हाईत.”

भिगवणच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर हे गाव. फुगवटा म्हणजे धरणामागं साठून गावांच्या शिवारात पसरलेलं पाणी. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायला लागलो. माझं गाव लोणी भापकर. आम्ही बौद्ध. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. दोन घरांत माझं आडनाव विचारलं आणि खोली कालच दिल्याचं सांगितलं. तिसरं घर सोपानरावांचं. ते ओट्यावर बसून नखं काढत होते. त्यांनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं.

“गाव?”

“लोणी भापकर.”

“हितनं किती लांब?”

“असेल पन्नासेक किलोमीटर.”

त्यांनी हातातलं काम थांबवलं. “नक्की का अंदाजे?”

“अंदाजे.”

“सर, तुमी तितं जन्मला. हितवर आला. आन् मधलं अंतर तुमाला म्हाईत न्हाय?”

माझ्याबद्दल त्यांची तेवढी एकच तक्रार होती. किल्ली त्यांनी त्याच दिवशी दिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते मला “जयभीम, सर” म्हणायचे आणि मी त्यांना “राम राम, आबा” म्हणायचो. हे कुणी ठरवलं नव्हतं. तसं पडलं, ते पडलं.

‘नक्की का अंदाजे?’ हा प्रश्न त्यांनी गावातल्या प्रत्येकाला निदान एकदा तरी विचारलेला होता. त्यांची नोकरीच तशी होती. तीस वर्षं ते ‘गेज रीडर’ होते. म्हणजे पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते रोज सकाळी वाचायचं आणि आठ वाजता फोनवरून वरच्या कार्यालयाला कळवायचं. एकदा पाहणीला आलेले साहेब म्हणाले, “कोकरे, बोटभरच कमी आहे, पूर्ण फूट लिहून टाका.” सोपानराव म्हणाले, “साहेब, बोट तुमचं का माझं?” त्यांची बढती कधी झाली नाही, यात मला नवल वाटत नाही.

लग्नाला गेले की ते पत्रिका खिशात घेऊन जात. बारा पस्तीसचा मुहूर्त असेल तर घड्याळात बारा पस्तीस झाले की हातातल्या अक्षता नवरानवरीच्या दिशेनं टाकून मोकळे. भटजी अजून दुसऱ्या मंगलाष्टकात असायचे. मग सोपानराव शांतपणे पहिल्या पंगतीची जागा बघायला निघायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, “माझ्यापुरतं लागलं लगीन.” आणि मयताच्या वेळी कुणी हुंदका आवरत म्हणालं, “म्हातारा शंभरी गाठून गेला,” तर मागून आवाज यायचा, “सत्त्याऐंशी.”

त्यांच्या वडलांकडं मेंढरं होती. मेंढरं वाड्यात शिरली की नुसत्या नजरेनं त्यांना कळायचं, एक कमी आहे, आणि कुठलं कमी आहे तेही कळायचं. मग उपाशीपोटी माघारी रानात जायचे. सोपानरावांच्या वाट्याला मेंढरं आली नाहीत, घराण्यातली नजर तेवढी आली.

पक्ष्यांची नावं त्यांनी आपल्या मनानं ठेवली होती. चपट्या चोचीचं थापट्या बदक दिवसभर मान खाली घालून पाण्यात काहीतरी चाळत असतं, ते ‘कारकून’. लांब लाल पायांचा शेकाट्या चिखलातून जपून पावलं टाकत, कुणाचं काम बघतो आहे अशा थाटात चालतो, तो ‘ओव्हरसियर’. रोहित पक्षी थव्यानं यायचे, लांबवर उभे राहायचे, कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत आणि निघून जायचे. ते ‘मंत्री’. मासे पकडायच्या जाळ्याच्या बांबूंवर ओळीनं बसणारे पांढरे कुरव, ते ‘भोई’. “मासं धरायचं काम आपलं न्हाय, पण जाळ्याजवळ बसायचं,” असं ते कौतुकानं सांगत.

दिवाळीच्या सुमाराला ही सगळी मंडळी उतरायची. पाऊस संपलेला, फुगवटा काठोकाठ भरलेला, सकाळी पाण्यावर धुकं तरंगत असायचं. काठावरच्या बाभळीखाली सोपानराव डंपी उभी करत. मान खाली, एक डोळा मिटलेला, ओठ हलताहेत. दीड तास कुणाशी बोलत नसत.

मग बरोबर आठला ते माझ्या दारात यायचे आणि ताठ उभे राहून म्हणायचे, “कारकून दोनशे अकरा. ओव्हरसियर चौतीस. भोई एकोणनव्वद. मंत्री न्हाईत.”

सुरुवातीला मी दाढी करता करता “वा!” म्हणायचो. ते जायचे नाहीत. तसेच उभे. मी “बरं” म्हणायचो, तरी उभे. आठवडाभरानं त्यांनीच सांगितलं, “सर, फोनवरला मानूस ‘मिळालं’ म्हणायचा.”

तेव्हापासून मी म्हणायला लागलो, “मिळालं.” ते मान हलवायचे आणि चहा ठेवायला आत जायचे.

एकदा चार दिवसांच्या सुट्टीनंतर मी लोणीहून परत आलो, तर समोरच्या काकू हसत म्हणाल्या, “तुमी नव्हता तरी आबा रोज आठला तुमच्या कुलपाम्होरं हुबं ऱ्हाऊन आकडं सांगत हुतं.” त्या हसल्या म्हणून मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ‘मिळालं’ म्हणताना मी हातातला वस्तरा खाली ठेवला.

त्यांची बायको होती, चांगली ठणठणीत होती. मुलगा पिंपरीला नोकरीला, सूनही कामाला, म्हणून नातवंडं सांभाळायला ती तिकडं गेली. वर्षभरासाठी म्हणून गेली, त्याला आठ वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला यायची, डबे घासूनपुसून भरायची, अंगणातल्या तुळशीला नवी माती घालायची आणि पाचव्या दिवशी जायची. मला म्हणाली होती, “दोनशे बदकांतलं एक उडालेलं ह्यांना कळतंय. मी घरात न्हाय, हे कळायला दोन दिस लागलं.” सोपानराव तिथंच बसले होते. ते म्हणाले, “दीड.”

मुलाच्या आग्रहानं ते एकदा पिंपरीला आठ दिवस राहायला गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “तितं खिडकीतनं दुसरी खिडकी दिसती. त्या खिडकीत एक बाई. ती एकच. किती येळ मोजायची?”

माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शंकर भोई नावाचा मासेमार सकाळी धावत आला. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तडफडत होतं.

“आबा, जाळ्यात पाखरू घावलंय. ह्याच्या पायात वाळा हाय!”

कुरव होता. डाव्या पायात खरंच एक ॲल्युमिनियमची कडी होती आणि त्याच पायाचं मधलं बोट अर्धं तुटलेलं होतं. बघता बघता ओट्यापुढं माणसं जमली. कुणी म्हणालं करणी आहे, कुणी म्हणालं हेर आहे. एक जण म्हणाला, कडीत यंत्र असतं, आता आपण बोलतोय ते सगळं तिकडं ऐकू जातंय. तशी मंडळी दोन पावलं मागं सरकली.

मी कडी वाचली. इंग्रजी अक्षरांत एका रशियन शहराचं नाव आणि पुढे सात आकडे. बाकी काही नाही.

“म्हंजी कुनीतरी ह्याला मोजून सोडलंय,” सोपानराव म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. पृथ्वीच्या पाठीवर आपल्यासारखा आणखी एक माणूस आहे, असा तो चेहरा होता.

वजन करायला पाखरू किराणा दुकानात नेलं. तागडीत बसवल्याबरोबर त्यानं सकाळी खाल्लेले सगळे मासे गुळाच्या ढेपेवर ओकले. दुकानदारानं शिव्या घातल्या. सोपानराव म्हणाले, “थांबा, वजन परत करावं लागंल. मासं गेलं.” मग पंखांची लांबी मोजली, आणि पाण्याकाठी नेऊन त्यांनी ते सोडलं. पाखरू एकदा घसरलं, सावरलं आणि बांबूंवरच्या आपल्या ओळीत जाऊन बसलं.

“आता पत्र लिवा, सर. ज्याचं हाय त्याला कळाया पायजे.”

पत्त्याला नुसतं शहराचं नाव. मी वर लिहिलं, ‘पक्ष्यांच्या पायांत कड्या घालणारं कार्यालय’. हे पोचेल का, अशी मला शंका होती. सोपानरावांना नव्हती. “सरकारी खातं कुठल्याबी देशातलं असूंद्या. टपाल टेबलावरनं टेबलावर फिरतंय आन् मग पोचतंय.”

एका पानाचं पत्र लिहायला आम्हाला पाच दिवस लागले. मी लिहिलं, ‘आमच्या गावाजवळ एक कुरव सापडला.’ त्यांनी विचारलं, जवळ म्हणजे किती? आम्ही दोघं पावलं मोजत पाण्यापर्यंत गेलो. पाणी किती खोल? सोपानराव धोतर वर खोचून, बांबू घेऊन शंकरच्या होडीतून त्या जागेपर्यंत गेले. साडेचार फूट. शेवटी पत्र गेलं आणि मी ते विसरूनही गेलो.

उत्तर आलं पुढच्या पावसाळ्यात. पोस्टमन ते हातात उंच धरूनच गल्लीत शिरला. निळसर पाकीट, त्यावर बोटीची आणि अस्वलाची तिकिटं. आतलं इंग्रजी मोडकं होतं, पण अक्षर मोत्यासारखं. लिहिणाऱ्याचं नाव निकोलाय. पुढचं लांबलचक आडनाव मला उच्चारता येईना. सोपानरावांनी प्रश्न सोडवला. “निकोलायराव म्हना.”

निकोलायरावांनी लिहिलं होतं: कार्यालयानं तुमचं पत्र माझ्याकडं पाठवलं. आमच्या तळ्याच्या मधोमध एक बेट आहे, तिथं हे पक्षी पिल्लं घालतात. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात या पिल्लाच्या पायात मी स्वतः कडी घातली. मी आयुष्यभर हेच काम केलं. हजारो कड्या घातल्या. त्यांतल्या चौदांची पत्रं परत आली. चौदाही पत्रांत पक्षी मेलेला होता. तुमचं पंधरावं. तुमच्या पत्रात तो उडून गेला. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो. तुमचं पाणी गरम आहे का? तुम्ही कोण आहात?

पाण्याचं उत्तर सोपानरावांनी ताबडतोब तयार केलं. ‘तुम्ही कोण आहात’ याला चार दिवस घेतले. ओट्यावर बसून विचार करत राहायचे. मग येऊन म्हणाले, “लिवा. सोपान कोकरे. रिटायर. वय एकसष्ट. घरात मानसं: एक.”

“काकू आहेत की. मुलगा आहे.”

“त्यांनी इचारलंय ते माझं, का पिंपरीचं?”

मी लिहिलं: एक.

त्या वर्षी दिवाळीनंतर वर्गात मी क्रियापदं शिकवत होतो, तेवढ्यात दारात सोपानराव उभे. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, धाप लागलेली. “सर! आलं! निकोलायरावांचं आलं! डाव्या पायात कडी, बोट अर्धं. तिसऱ्या बांबूवर!” मुलांना काही कळलं नाही, पण त्यांनी बाकं बडवून आनंद साजरा केला. हेडमास्तर बाहेर आले. सोपानरावांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, “रशियातनं पाव्हणं आल्यात.”

त्यानंतर आठचा आकडा बदलला. “कारकून एकशे शहाण्णव. ओव्हरसियर एक्केचाळीस. भोई सत्तर. निकोलायरावांचं, एक.” आणि मग थोडं थांबून, खात्याच्या नियमात न बसणारी माहिती असायची. आज त्यानं मासा धरला. आज त्याला दुसऱ्यानं बांबूवरनं ढकललं, पण त्यानं जागा परत घेतली. आज झोपलं होतं.

ते आल्याचं आम्ही कळवलं. उन्हाळ्यात त्याचं उत्तर आलं. हे पत्र लांब होतं आणि अक्षर थोडं हललेलं. निकोलायरावांनी लिहिलं होतं की त्यांचं केंद्र आता बंद झालं. देशच बदलला, पक्षी मोजायला कुणाला सवड नाही. हाताखालची मुलं शहरात गेली. मुलगीही फार लांब असते. ते एकटेच तळ्याकाठच्या घरात राहतात. होडी कुजली, त्यामुळे आता बेटावर जाता येत नाही. काठावरून पाखरं दिसतात, पण इतक्या लांबून त्यांचे पाय दिसत नाहीत, आणि पाय दिसले नाहीत तर ती कुणाचीही पाखरं. पुढे लिहिलं होतं: हिवाळ्यात इथं दुपारीच अंधार होतो. तेव्हा मी विचार करतो की माझं एक सोपानरावांच्या पाण्यावर आहे. मग बरं वाटतं.

मी वाचून संपवलं. पत्राची घडी घालून सोपानरावांनी ती छातीच्या खिशात ठेवली.

पुढच्या दिवाळीत ते पाखरू आलं. पहिल्या दिवशी सोपानरावांनी ते पाचव्या बांबूवर बघितलं, मला आठला सांगितलं, मी ‘मिळालं’ म्हणालो. पत्र रविवारी लिहायचं ठरलं. शनिवारी सकाळी आठ वाजून गेले तरी दारात कुणी आलं नाही.

मी त्यांच्या अंगणात गेलो. शंकर भोई उकिडवा बसून रडत होता. त्याच्या पुढ्यात टॉवेल आणि टॉवेलात पाखरू. ते पाण्याखालच्या जाळ्यात अडकलं होतं. तो जाळं ओढायला गेला तोवर उशीर झाला होता.

“आबा, ईस जाळी हायेत माझी. ह्याच जाळ्यात कशापाई आलं ते?”

सोपानराव त्याला रागावले नाहीत. त्यांनी पाखराचा डावा पाय बोटांत धरला, कडीवरचे आकडे एकेक करून वाचले. मग परत वाचले. “तुझी चूक न्हाय,” शंकरला म्हणाले, “जा, जाळं वाळत घाल.” बाभळीजवळ खड्डा करून त्यांनी पाखरू पुरलं. कडी काढून घेतली नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “त्याची हाय. त्याच्यापाशी असूंद्या.”

दोन दिवस त्यांनी डंपी उभी केली नाही. तिसऱ्या दिवशी ते कागद घेऊन आले आणि माझ्या खाटेवर बसले.

“घ्या लिवून. आदरणीय निकोलायराव. तुमचं पाखरू दिवाळीत आलं.”

मी लिहिलं.

“पाचव्या बांबूवर बसतंय. तब्बेत बरी हाय. मासं चांगलं धरतंय.”

माझा हात थांबला. “आबा.”

“लिवा.”

“आबा, ते गेलं ना?”

“मला सांगता व्हय, सर? मी पुरलंय.”

बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरत होती. सोपानराव दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून बसले होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा त्यांना घाम आला होता. तीस वर्षांत त्यांनी पाण्याचं बोटसुद्धा खोटं लिहिलेलं नव्हतं.

“त्या मानसाकडं चौदा पत्रं हायेत मेल्याली,” ते म्हणाले. “एक पंधरावं, जितं. त्याच्या जिवावर त्यो त्या बर्फात बसलाय. तेबी मीच मारू?”

मी पेन उचललं. “वजन विचारलंय त्यांनी. काय लिहू?”

“मागल्या येळेपेक्षा थोडं वाढलंय म्हनून लिवा.”

“थोडं म्हणजे किती?” माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “थोडं म्हंजी थोडं, सर.”

शेवटी त्यांनी आपल्या मनानं एक वाक्य घालायला लावलं: ‘आमी दोघंबी मजेत हावोत. काळजी नसावी.’ मग सही केली. ते सहा अक्षरांचं नाव लिहायला त्यांना इतका वेळ लागला, की मधे मी उठून पाणी पिऊन आलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मला पणदऱ्याच्या शाळेत जागा मिळाली. सामान टेंपोत चढवत होतो, तेव्हा सोपानराव आले आणि म्हणाले, “पणदरे हितनं किती, बघून ठेवलंय ना?” मी आकडा सांगितला. त्यांनी समाधानानं मान हलवली. टेंपो वळला तरी ते दारात उभे होते, माझ्या नव्हे, स्वतःच्या. एवढंच मला मागे वळून दिसलं.

श्रावणातल्या एका दुपारी पणदऱ्याच्या घरी दार वाजलं. सोपानराव. दोन एसट्या बदलून आले होते. टोपी पावसानं भिजलेली, पण छातीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पाकीट कोरडं ठणठणीत. न फोडलेलं.

“कधी आलं हे?”

“सोमवारी. नवं मास्तर आल्यात, त्यांनाबी विंग्रजी येतंय. पण त्यांच्याकडनं कसं वाचून घ्यायाचं? त्यांना काय म्हाईत हाय?”

माझ्या बायकोनं चहा आणून ठेवला. सोपानरावांनी तिला वाकून नमस्कार केला, कपाला हात लावला नाही. मी पाकीट फोडलं. एकच पान होतं. अक्षर फार मोठं झालेलं, ओळी उतरत्या. मी मराठी करून वाचू लागलो.

‘प्रिय सोपानराव. ते सुखरूप आहे, तुम्ही दोघं मजेत आहात, हे वाचून फार आनंद झाला. माझ्याकडंही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. या जूनमध्ये मी बेटावर गेलो होतो. आपलं पाखरू तिथं होतं. डाव्या पायात माझी कडी, बोट अर्धं. मी अगदी जवळून पाहिलं. त्याच्या घरट्यात दोन पिल्लं आहेत. शरदात त्यांना तुमच्याकडं पाठवतो. तुम्ही घरात एकटे असता, म्हणून हे मुद्दाम कळवतो आहे.’

मी थांबलो. पाखरू गेल्या कार्तिकात बाभळीजवळ पुरलेलं होतं. पत्र जूनमधलं होतं.

“आबा,” मी म्हणालो, “म्हातारा माणूस आहे. दुसरं एखादं पाखरू असेल. नजर चुकली असेल.”

सोपानराव कपाकडं बघत होते.

“त्याच्याकडं होडी कुठाय, सर?” ते हळू म्हणाले. “कुजली म्हनला हुता की. बेटावर गेला कसा?”

पत्र्यावर पाऊस वाजत होता. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती. काय झालंय ते तिला कळत नव्हतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

“ते पिलांचं परत वाचा,” सोपानराव म्हणाले. “विंग्रजीत वाचा. त्यानं लिवलंय तसं.”

मी वाचलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी त्यांनी कान पुढं करून ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा बोटानं खूण केली. मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. मग त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, पत्र मागून घेतलं, पिशवीत घालून छातीच्या खिशात ठेवलं आणि वरून हात फिरवला.

“मुक्काम करा आबा, पाऊस आहे.”

“नगो. पाचची गाडी हाय.” ते उठले, दारापर्यंत गेले, चपला घालता घालता थांबले. “कार्तिकात मी परत येतो. पत्र टाकावं लागंल.”

“काय लिहायचं?”

त्यांनी बाहेरच्या पावसात नजर लावली आणि थोडा वेळ त्यांचे ओठ मोजताना हलायचे तसे हलले.

“आवंदा तीन आली म्हनून लिवा.”